भुतांचा शोध आणि पितरांचे स्मरण

आमच्या लेकीला यंदा दहा वर्षे पूर्ण झाली. वाढदिवसाला काय हवे असे तिच्या आईने विचारले, तेव्हा सायकल किंवा टॅब अशी काहीतरी मागणी येईल आणि थोडी घासाघीस करावी लागेल, अशी माझ्या मनाची तयारी होती. मागणी आली ती निराळीच. "बाबा, मला ईएमएफ मीटर पाहिजे. भूत जवळ आलं की त्यातले दिवे लागतात, तो."

मी हसलो. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. अल वक्रात राहतो आणि रोज सकाळी कंपनीच्या बसने मेसाईदच्या कारखान्यात जातो. दाब, तापमान, प्रवाह, पातळी मोजणारी शेकडो उपकरणे नीट चालू ठेवणे, हेच गेली एकोणीस वर्षे माझे काम. मीटरवाल्याच्या घरी मीटरचाच हट्ट, याची मला गंमत वाटली. "कोणतं भूत पकडणार आहेस?" मी विचारले. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "भूत नाही. आजोबा."

गेल्या श्रावणात माझे वडील गेले. आमचे गाव वेंगुर्ले तालुक्यात. पहाटे धाकट्या भावाचा फोन आला. रजा, तिकीट, पासपोर्ट या धावपळीत दुपार झाली. पाऊस धो धो कोसळत होता आणि गावची माणसे किती वेळ थांबणार? शेवटी भावाने अग्नी दिला आणि मी दोहा विमानतळावरच्या एका खुर्चीत बसून, मोबाईलच्या पडद्यावर वडिलांना शेवटचे पाहिले. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला हे आले असेल, ते मी वेगळे सांगायला नको. लेक माझ्या शेजारीच होती. तिनेही ते पाहिले. मी काही बोललो नाही आणि तिनेही काही विचारले नाही. ते विचारणे वर्षभर तिच्या पोटात राहिले आणि शेवटी ते मीटरच्या रूपाने बाहेर आले.

चौकशी केल्यावर कळले, की शाळेतल्या मैत्रिणींबरोबर ती यूट्यूबवर भूतशोधाचे कार्यक्रम पाहते. अंधारलेले जुने घर, हिरवट दिसणारा रात्रीचा कॅमेरा, कुजबुजणारी चार माणसे, हातात दिवे लुकलुकणारी यंत्रे. "इथे कोणी असेल तर आम्हाला खूण द्या" असे कोणीतरी म्हणते आणि यंत्र वाजते. दोन वर्षांपूर्वी माझे वडील हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे येऊन राहिले होते, मागच्या खोलीत. तिला त्या खोलीत यंत्र लावून पाहायचे होते.

मंडळी, "असं काही नसतं, अभ्यासाला बस" असे म्हणून मी तिला वाटेला लावू शकलो असतो. पण मला ते बरे वाटले नाही. तिचा प्रश्न खरा होता, फक्त तो विचारायची जागा तिला दूरदर्शन संचाने दाखवून दिली होती. म्हणून या विषयावर मी थोडे वाचले, थोडा विचार केला. तो आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

भुताच्या गोष्टी दूरदर्शनवर आपल्या पिढीनेही पाहिल्या. १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'झी हॉरर शो' आला, १९९५ मध्ये सोनीवर 'आहट'. रात्री पांघरूण डोक्यावर ओढून आम्ही ते पाहायचो आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना घाबरवायचो. पण ती गोष्ट आहे, त्यात नट आहेत, रंगभूषा आहे, हे आम्हाला ठाऊक होते. पुढे पाश्चात्त्य देशांत एक नवा प्रकार सुरू झाला. ब्रिटनमध्ये २००२ साली 'मोस्ट हॉन्टेड' आणि अमेरिकेत २००४ साली 'घोस्ट हंटर्स'. अमेरिकेतल्या कार्यक्रमाचे दोन मुख्य शोधक दिवसा नळदुरुस्तीची कामे करणारे होते आणि रात्री यंत्रे घेऊन भुताच्या मागावर जात. आपल्याकडे एमटीव्हीने २०१० मध्ये 'गर्ल्स नाईट आउट' नावाने हाच प्रकार आणला. २०१२ मध्ये झी टीव्हीवर 'फिअर फाइल्स' सुरू झाले, तेव्हा त्यातली दृश्ये खरी असल्याचे मालिकेच्या नावातच सांगितले होते. 'आहट' आणि यांच्यातला फरक इथेच आहे. 'आहट' आपल्याला गोष्ट ऐका म्हणत होती. हे कार्यक्रम पुरावा पाहा म्हणतात.

मग माझ्यातला कारागीर जागा होतो आणि विचारतो, की बाबांनो, तुमचे यंत्र मोजते काय?

तो ईएमएफ मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतो. भिंतीतली वायर, फ्रीजची मोटर, वायफायचा राऊटर, शूटिंग करणाऱ्याच्या खिशातला मोबाईल, यांतल्या कशानेही त्याचे दिवे लागतात. पिस्तुलासारखा दिसणारा जो थर्मामीटर ते अंधारात रोखतात, त्याचा लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. ते उपकरण हवेचे तापमान मोजतच नाही. ज्या पृष्ठभागावर रोखले त्याचे तापमान ते सांगते. "इथली हवा अचानक थंड झाली" असे म्हणत ते जेव्हा रिकाम्या हवेत नेम धरतात, तेव्हा आकडा येतो तो पलीकडच्या भिंतीचा. आणि छायाचित्रात तरंगणारे ते पांढरे गोळे, ज्यांना ते आत्मे म्हणतात, ते कॅमेऱ्याच्या प्रकाशात उजळलेले धुळीचे कण असतात. तसे असेल तर आमच्या अल वक्रात शमाल वारा सुटलेल्या रात्री फ्लॅश टाकून फोटो काढावा. एका अंगणात शेकडो आत्मे निघतील.

आमच्या कारखान्यात साध्या दाबमापकालाही ठरावीक मुदतीने कॅलिब्रेट करावे लागते. ज्याचे माप आधीच माहीत आहे, अशा दाबाशी तो ताडून पाहायचा, शून्यावर शून्य दाखवतो ना हे बघायचे, मगच त्याच्या आकड्यावर सही करायची. भूत मोजणारा मीटर कोणत्या भुताशी ताडून पाहिला? कालच बांधलेल्या, कोणीही न मेलेल्या घरात तो किती वेळा वाजतो, हे कोणी पाहिले? वाजला ते दाखवायचे आणि न वाजलेले सात तास कापून टाकायचे. असा अहवाल मी वरिष्ठांपुढे ठेवला, तर दुसऱ्या दिवशी माझे सामान बांधलेले असेल.

याच्या उलट एका इंजिनियरचे उदाहरण मला फार आवडले. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहराजवळ विक टँडी नावाचा एक गृहस्थ प्रयोगशाळेत काम करत असे. ती जागा झपाटलेली आहे अशी कुजबुज होती. एका रात्री त्यालाही अंगावर काटा आला, घाम फुटला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक राखाडी आकृती दिसली. वळून पाहिले तर ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी त्याने आपले पाते शिकंज्यात पकडले, तर ते आपोआप थरथरू लागले. त्याने भूतवैद्याला बोलावले नाही. पाते कशाने थरथरते याचा माग काढला, तेव्हा नव्याने बसवलेला हवा ओढणारा पंखा सापडला. त्यातून सुमारे १९ हर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या कानाला सहसा ऐकू न येणारा ध्वनी निघत होता. पंख्याची बसणी बदलली आणि तो त्रास थांबला. १९९८ मध्ये त्याने हे सारे प्रसिद्ध केले. प्रत्येक भुताचे मूळ पंख्यात सापडेल असा याचा अर्थ नाही. पण भीती वाटत असतानाही कारण शोधत राहणे म्हणजे काय, ते यातून कळते. खरा भूतशोध याला म्हणावे.

आता प्रश्न असा, की अशा कार्यक्रमांमुळे लोक भुतांवर जास्त विश्वास ठेवू लागतात का? इथे आपणही घाईने निष्कर्ष काढू नये. अमेरिकेत गॅलप संस्थेने घरे झपाटलेली असू शकतात का, असे लोकांना वेळोवेळी विचारले आहे. १९९० मध्ये २९ टक्के लोकांनी हो म्हटले, २००१ मध्ये ४२ टक्क्यांनी, २००५ मध्ये ३७ टक्क्यांनी. म्हणजे सर्वांत मोठा आकडा 'घोस्ट हंटर्स' सुरू होण्याच्याही आधीचा आहे. भुताची भीती माणसाला दूरदर्शनने शिकवलेली नाही, ती फार जुनी आहे. पण पर्ड्यू विद्यापीठातील ग्लेन स्पार्क्स यांच्या १९९० च्या दशकातील प्रयोगांतून हेही दिसले, की असा कार्यक्रम दाखवण्याआधी प्रेक्षकाला काय सूचना दिली आहे, यावर त्याचा विश्वास कमीजास्त होतो. "हे खरे आहे" ही पाटी काही निरुपद्रवी नसते.

आणि मुलांच्या बाबतीत तर ती पाटी फारच जड ठरू शकते. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी बीबीसीने 'घोस्टवॉच' नावाचा कार्यक्रम दाखवला. तो आधीच चित्रित केलेले नाटक होते, पण ओळखीचे निवेदक घेऊन तो थेट प्रक्षेपणासारखा सादर केला गेला. हजारो लोक घाबरले. १९९४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉक्टरांनी दोन मुलांची हकीकत दिली. तो कार्यक्रम पाहून मानसिक आघात झालेली ती मुले होती दहा वर्षांची. माझ्या लेकीच्याच वयाची.

मला वाटते, खरा परिणाम विश्वास ठेवणाऱ्यांच्या टक्केवारीत दिसत नाही. 'पुरावा' या शब्दाचा अर्थच बदलतो, तो परिणाम मोठा आहे. राजस्थानातल्या भानगडच्या किल्ल्याचे पाहा. तिथे भारतीय पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेश नाही. खात्याची बहुतेक संरक्षित स्थळे सूर्योदय ते सूर्यास्तच उघडी असतात. पण वाहिन्यांनी ती पाटी दाखवून सांगितले, की बघा, सरकारनेही भूत मान्य केले! आज सुशिक्षित माणूससुद्धा भानगडचे नाव निघाले की हा 'सरकारी पुरावा' पुढे करतो. आपली आजी भुताबद्दल बोलायची तेव्हा "असं म्हणतात हो" अशी जोड द्यायची. त्या तीन शब्दांत एक प्रामाणिकपणा होता. आता ती जोड गळून पडली आहे.

माझे वडील मात्र काही नास्तिक नव्हते. शाळामास्तर होते आणि आरवलीच्या वेतोबाचे भक्त होते. वेतोबा म्हणजे भुताखेतांचा स्वामी, पण आमच्याकडे तो गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. वडील इथे आले होते तेव्हा संध्याकाळी नातीला घेऊन वक्राच्या जुन्या बाजाराकडून समुद्रावर फिरायला जात आणि तिला वेतोबाच्या गोष्टी सांगत. माझ्या एका कतारी सहकाऱ्याने एकदा त्यांना बू दरियाची गोष्ट ऐकवली. वक्रा हे पूर्वी मासेमारीचे आणि मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांचे गाव. समुद्रातला हा जिन रात्री गलबतावर चढतो आणि झोपलेल्या खलाशाला उचलून नेतो, म्हणून कोणीतरी जागे राहून पहारा करायचा. वडील खूश झाले. म्हणाले, "म्हणजे यांच्याकडेही पहाऱ्याची सोय भुतानेच केली म्हणायची!"

जुन्या लोककथांतल्या भुताला एक जागा होती, एक मर्यादा होती आणि पुष्कळदा काहीतरी काम होते. रात्री एकट्याने खाडीवर जाऊ नये, गलबतावर पहारेकरी झोपू नये, दिलेला शब्द मोडू नये. आमच्या कोकणावर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठीवर २०१६ मध्ये आली, सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये तिचे आणखी भाग आले. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, असे आक्षेप सिंधुदुर्गातूनच घेतले गेले. दुसरीकडे तो वाडा पाहायला पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या. वडील ती मालिका आवडीने पाहायचे आणि पाहता पाहता चुका काढायचे. गोष्ट आहे हे त्यांच्या मनात पक्के होते, म्हणून त्यांना तिची बाधा झाली नाही.

ही ओळ त्यांनी कुठे आखली होती, ते सांगणारी एक आठवण आहे. मी आठवीत असताना आमच्या वाडीतल्या एका मुलीला झटके येऊ लागले. डोळे फिरायचे, दातखीळ बसायची. बाहेरची बाधा आहे असे ठरले आणि घरचे तिला एका भगताकडे न्यायला निघाले. वडिलांनी त्यांना वाटेत अडवले. देव खोटा, भगत खोटा, असे भाषण त्यांनी केले नाही. ते एवढेच म्हणाले, "वेतोबाक गाऱ्हाणा घालूया. पण डॉक्टरची गोळी चुकवची नाय." मग स्वतः एसटीने तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिला अपस्मार होता. गोळ्या नियमित सुरू झाल्या. आज ती दोन मुलांची आई आहे आणि वडिलांच्या तेराव्याला सर्वांत जास्त तीच रडली.

सगळ्यांच्या वाटेत असा मास्तर उभा राहत नाही. आजाऱ्याला भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, कोंडणे, औषधोपचारांपासून रोखणे, हे आपल्या महाराष्ट्रात इतके घडत आले की त्यासाठी कायदा करावा लागला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि या कायद्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यांची सगळी मते सर्वांना पटत नसतील. पण झटके येणाऱ्या मुलीला आधी डॉक्टरकडे न्यावे, यावर श्रद्धावान आणि बुद्धिवादी यांचे भांडण असण्याचे कारण नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असे लिहिलेले आहे. नियम कागदावर आहे आणि यंत्र पडद्यावर वाजते आहे.

आता मला सर्वांत जास्त बोचणाऱ्या गोष्टीकडे येतो. ती आहे मेलेल्या माणसांबद्दलची.

पुण्याच्या शनिवारवाड्यात अमावस्येच्या रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, हे आता देशभरच्या वाहिन्यांनी घराघरांत पोचवले आहे. झपाटलेल्या जागांच्या प्रत्येक यादीत शनिवारवाडा असतो. पण त्या रात्री तिथे काय झाले, ते किती जणांना ठाऊक आहे? ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचेच दिवस होते. नारायणराव पेशवा अवघा अठरा वर्षांचा. गारदी आत घुसले. त्याला वाचवण्यासाठी चापाजी टिळेकर नावाचा त्याचा सेवक त्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबरच मारला गेला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्ताधारी राघोबादादांना तोंडावर सांगितले, की या अपराधाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, आणि पद सोडून ते निघून गेले. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. आज उभे आहेत ते तट, बुरूज आणि दरवाजे. ज्या दालनातून हाक येते म्हणतात, ते दालनच राहिलेले नाही.

कॅमेरे घेऊन तिथे जाणाऱ्यांना हाक हवी असते. चापाजी टिळेकर त्यांना नको असतो, रामशास्त्री नको असतात. अठरा वर्षांच्या एका मुलाच्या मरणातून न्याय, निष्ठा, लोभ सारे गाळून टाकायचे आणि फक्त किंकाळी ठेवायची. या खेळातून खुद्द भूतशोधकही सुटत नाही. इंडियन पॅरानॉर्मल सोसायटीचे संस्थापक गौरव तिवारी जुलै २०१६ मध्ये दिल्लीत राहत्या घरी अकाली वारले, तेव्हा वाहिन्यांनी लगेच गूढ शक्तींची चर्चा सुरू केली. एका कुटुंबावर आभाळ कोसळले होते आणि पडद्यावर पुढचा भाग चालू होता.

मेलेला माणूस हा करमणुकीचा माल आहे का? आपली परंपरा याचे उत्तर फार वेगळे देते. गणपती गेले की पितृपक्ष येतो. तर्पण करताना आपण नाव घेतो, गोत्र उच्चारतो, वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या ओळीने आठवतो. तिथे खूण मागायची नसते. पाणी द्यायचे असते, ऋण मान्य करायचे असते. ते पाणी त्यांना पोचते का, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. पण नाव घेणाऱ्याला ते नाव पुन्हा पाठ होते, एवढे मला स्वतःच्या अनुभवावरून सांगता येते. तुकोबांनी तर पंढरीच्या विठोबालाच भूत म्हटले, जो त्याच्या वाटेने जाईल त्याला झपाटणारे. भूत या शब्दाशी इतक्या प्रेमाने खेळणारी आपली भाषा आहे.

तर मी लेकीला मीटर विकत घेऊन दिला नाही. माझ्या कपाटात एक जुना होता, तो दिला. एका शुक्रवारी आम्ही दोघे घरभर फिरलो. फ्रीजजवळ वाजला, राऊटरजवळ वाजला, जिन्याखालच्या फ्यूजबोर्डजवळ तर सगळे दिवे लागले. तिने वहीत तीन रकाने आखले: जागा, आकडा, कारण. आजोबांच्या खोलीत मीटर एकाच ठिकाणी हलला. भिंतीत आतून जाणारी वायर निघाली. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "एक रात्र मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवू या?" मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. एसीची घरघर. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप. कुठेतरी मांजर. पहाटेची फजरची अजान, शेजारच्या मशिदीतली. आणि त्याच्या थोडे आधी, दूरवरून, एक माणूस दोनदा खाकरला. कोरडे, थोडे थांबून. लेक ताडकन उभी राहिली. "आजोबा!"

वडील अगदी तसेच खाकरायचे. वर्गात शिरण्याआधी दोनदा, आणि सवयीने घरातही, कोणाशी बोलण्याआधी दोनदा. क्षणभर माझाही श्वास अडकला, हे खोटे कशाला सांगू? मग आठवले, की त्या रात्री मला झोप नव्हती. मी दिवाणखान्यात पाणी प्यायला उठलो होतो. मी तिच्यासमोर खाकरून दाखवले. ती माझ्याकडे बघत राहिली. रेकॉर्डिंग पुन्हा लावले. तोच आवाज.

"म्हणजे आजोबा नाहीत?" तिने विचारले.

मी म्हटले, "मेल्यावर माणूस कुठे जातो, ते सांगणारा मीटर माझ्या कारखान्यात नाही आणि त्या कार्यक्रमवाल्यांकडेही नाही. पण आजोबा असेच खाकरायचे आणि आता मीही खाकरतो. मला कधी कळलंही नव्हतं. तू ते शोधून काढलंस." तिने वही ओढली. जागेच्या रकान्यात लिहिले 'मागची खोली', आकड्याच्या रकान्यात रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले 'बाबा'. मग थोडा विचार करून पुढे कंसात लिहिले, 'आजोबांकडून'. त्या रात्री विमानतळावरच्या खुर्चीबद्दल आम्ही पहिल्यांदा बोललो. मी पोचू शकलो नाही हे मी तिला सांगितले आणि ती माझ्या कुशीत बसून ऐकत राहिली.

पालक मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. मुले हे कार्यक्रम पाहणार, आपण बंदी घातली तरी मित्राच्या घरी पाहणार. तेव्हा एकदा त्यांच्या शेजारी बसा. हे यंत्र नक्की काय मोजते? यातले कापून काय टाकले असेल? आणि जो मेला, तो माणूस कोण होता? एवढे तीन प्रश्न त्यांना विचारायला शिकवा. तिसरा प्रश्न विसरू नका. आणि मूल जर घरातल्या कोणा गेलेल्या माणसाला शोधत असेल, तर त्याला यंत्राच्या हवाली करू नका. त्या माणसाच्या गोष्टी सांगा.

यंदा विसर्जनानंतर पितृपक्षात मी तर्पणाला बसेन, तेव्हा लेकही शेजारी बसणार आहे. तिने आत्ताच विचारून ठेवले आहे, की पणजोबांच्या वडिलांचे नाव काय. मला माहीत नव्हते. भावाला फोन करून गावच्या जुन्या कागदांत बघायला सांगितले आहे.

मंगलमूर्ती मोरया!